इमेजिंगचे शिक्षण : विद्यार्थी कुठे घडतो आणि कुठे अडतो

बारावीचा निकाल लागला की पॅरामेडिकल कोर्स चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेत पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : "एक्स-रे टेक्निशियनला स्कोप आहे ना?" या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जिल्हा रुग्णालयांत सी.टी. स्कॅन आले, तालुक्याच्या गावी डिजिटल एक्स-रे आले, शहरांत एम.आर.आय. सेंटर गल्लोगल्ली झाली. ही यंत्रे चालवायला माणसे लागणारच. खरा अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे आणि तो फारसा विचारला जात नाही. आज प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींपैकी तीन-चार वर्षांनी चांगला तंत्रज्ञ कोण होईल? कोर्स मधेच कोण सोडेल? पदवी हातात असूनही रुग्णासमोर कोण गोंधळेल? आणि हे सगळे कशावर ठरते?

डिप्लोमा असो, पॅरामेडिकलची बी.पी.एम.टी. पदवी असो की मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीतली बी.एस्सी., महाराष्ट्रातल्या या सगळ्या वाटांवर विद्यार्थ्याच्या यशाला हातभार लावणाऱ्या आणि खीळ घालणाऱ्या गोष्टी साधारण सारख्याच आहेत. त्यांचा हा आढावा. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. विद्यार्थी किती गुण घेऊन आत आला, याला आपण गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतो. त्याने स्वतःच्या हाताने काय केले आणि ते करताना त्याच्या शेजारी कोण उभे होते, याला फारच कमी देतो.

यश मोजायचे कशाने?

अमेरिकेत रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जेआरसीईआरटी ही संस्था प्रत्येक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाकडून तीन गोष्टींचा हिशेब मागते. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी कोर्स पुरा केला? पुरा केल्यावर सहा महिन्यांच्या आत परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण एआरआरटी या राष्ट्रीय नोंदणी संस्थेच्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात पास झाले? आणि नोकरी शोधणाऱ्यांपैकी किती जणांना वर्षभरात नोकरी लागली? परीक्षा आणि नोकरी या दोन्हींची पाच वर्षांची सरासरी किमान ७५ टक्के असावी लागते, आणि हे आकडे लोकांना पाहता येतील असे जाहीर करावे लागतात. प्रवेशाआधीच पालक आणि विद्यार्थी दोन कॉलेजांची तुलना करू शकतात.

आपल्याकडे पालकांच्या हाती लागतो तो फार तर विद्यापीठाचा निकाल. किती जणांनी पहिल्या वर्षानंतर येणे बंद केले, किती जणांची नोंदणी झाली, किती जण याच क्षेत्रात टिकले, हे एकत्र कुठे वाचायला मिळत नाही. त्यामुळे चांगल्या कॉलेजाचे श्रेय त्याला मिळत नाही आणि कमकुवत कॉलेजावर सुधारण्याचा दबाव येत नाही.

या तीन मापांना मी चौथे जोडतो : विद्यार्थ्याच्या हाताखालून गेलेला रुग्ण सुरक्षित राहिला का आणि डॉक्टरांना हवी ती प्रतिमा मिळाली का? वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या. माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. आपली लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. रुग्णाचा संबंध येतो तो शेवटच्या दोनशी.

प्रवेशाच्या दारात

आधीच्या शिक्षणातले गुण आणि कोर्समधले यश यांचा संबंध आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र पक्के असलेल्याला पहिले वर्ष सोपे जाते. पण आरोग्य क्षेत्रातल्या शिक्षणाचा अनुभव असा आहे की हे गुण पुढच्या लेखी गुणांचा अंदाज बऱ्यापैकी देतात, वॉर्डातल्या आणि विभागातल्या कामाचा फारसा देत नाहीत. ऐंशी टक्केवाला विद्यार्थी घाबरलेल्या मुलाला टेबलावर स्थिर झोपवू शकेलच असे नाही. पन्नास टक्केवाली विद्यार्थिनी ते काम सहज करून जाते.

गुणांइतकाच मोठा घटक आहे तो अपेक्षांचा. या कोर्सला येणारे बरेच जण नीटमध्ये हवी ती रँक आली नाही म्हणून आलेले असतात. दुसरी पसंती म्हणून आलेला विद्यार्थी वाईट ठरतो असे अजिबात नाही. मात्र आपण नेमके काय होणार आहोत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. यातला सगळ्यात मोठा गैरसमज सोनोग्राफीचा. 'इमेजिंग' म्हटले की सोनोग्राफी करायला मिळेल, असे धरून अनेक जण येतात. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफर पुढचे प्रशिक्षण घेऊन सोनोग्राफर होतात, स्वतः तपासणी करतात आणि रिपोर्टही देतात. इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ पाहून तेच चित्र डोक्यात बसते. भारतात कायदा वेगळा आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. मुलींच्या जिवासाठी केलेल्या या कायद्यात गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरनेच करायची आहे. हे प्रवेशाच्या दिवशी सांगितले तर विद्यार्थी ते समजून घेतो. दुसऱ्या वर्षी कळले तर फसवल्याची भावना येते आणि मन उडते.

प्रवेशाआधी इच्छुकाला एखादा पूर्ण दिवस चालू विभागात बसवावे. ट्रॉलीवरून येणारे अपघाताचे रुग्ण, रक्त, रडणारी मुले, चिडलेले नातेवाईक, रात्रीचा कॉल हे सगळे पाहून जो 'हो' म्हणतो, तो सहसा टिकतो.

पहिले वर्ष : गणित आणि भाषा

गळतीची सुरुवात पहिल्या वर्षात होते. त्याला दोन विषय कारणीभूत ठरतात. एक रेडिएशन फिजिक्स आणि दुसरा इंग्रजी, जो अभ्यासक्रमात विषय म्हणून असो वा नसो.

फिजिक्सची भीती बहुतेकदा गणिताची भीती असते, आणि लागणारे गणित त्रैराशिकाच्या फार पुढचे नसते. वॉर्डात पोर्टेबल मशिनवर १०० सेंटिमीटर अंतरावरून ४ एमएएसला (मिलिअँपिअरमधला विद्युतप्रवाह गुणिले सेकंद) छातीचा एक्स-रे चांगला आला. बाकी सगळे तेच ठेवून अंतर १८० सेंटिमीटर केले, तर तेवढीच किरणे पोचायला किती एमएएस लागेल? अंतर १.८ पट झाले, किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, १.८चा वर्ग ३.२४, म्हणून ४ गुणिले ३.२४, म्हणजे सुमारे १३ एमएएस. फळ्यावर व्यस्त वर्गाचा नियम म्हणून लिहिले की ते पाठांतर होते. मशिनच्या पॅनेलसमोर उभे करून विचारले की ते कामाचे ज्ञान होते.

तीच गोष्ट वेळेची. १०० एमए आणि ०.१ सेकंद म्हणजे १० एमएएस. २०० एमए आणि ०.०५ सेकंद म्हणजेही १० एमएएस. मग रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलासाठी दुसरा पर्याय का? कारण निम्म्या वेळात एक्स्पोजर संपले तर हलल्यामुळे प्रतिमा पुसट होण्याची शक्यता कमी. हे एकदा कळलेला विद्यार्थी पुढे आकडे पाठ करत बसत नाही, विचार करायला लागतो. परीक्षेतही तो पास होतो, पण तो फायदा दुय्यम.

भाषेचा अडसर त्याहून नाजूक आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले अकरावी-बारावी कशीबशी इंग्रजीतून काढतात आणि इथे त्यांच्यासमोर क्लार्क किंवा बॉन्ट्रॅजरचे पोझिशनिंगचे जाडजूड पुस्तक येते. व्हायव्हाला परीक्षक इंग्रजीत विचारतात. मुलाला उत्तर येत असते, वाक्य येत नसते. तो गप्प राहतो आणि 'अभ्यास केलेला नाही' असा शिक्का बसतो. इथे शिक्षकाने ठरवले तर फार काही करता येते. संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, कारण मशिनवर, रेफरलवर आणि रिपोर्टवर त्याच असतात. स्पष्टीकरण मराठीतून करावे. पहिल्या दोन महिन्यांत रोज थोडा वेळ विद्यार्थ्यांकडून तोंडी इंग्रजी वाक्ये म्हणवून घ्यावीत. आधी मराठीत नीट समजलेली गोष्ट इंग्रजीत मांडणे हे शिकता येणारे कौशल्य आहे. न समजलेली गोष्ट इंग्रजीत घोकणे हे मात्र वर्षभराचे नुकसान आहे.

शरीररचनाशास्त्राचा पायाही याच वर्षात पडतो. इथे एक विशेष अडचण असते. पुस्तकात शरीर समोरून दिसते, सी.टी. आणि एम.आर.आय.वर ते आडव्या कापांत दिसते. आडव्या कापांची ओळख तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवली, तर सी.टी.च्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे विभागातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात, विद्यार्थी पडद्याकडे नुसता पाहत उभा राहतो. पहिल्याच वर्षी शरीररचनेच्या प्रत्येक तासाला एक आडवा काप शेजारी ठेवला, तर ही दरी पडतच नाही.

पोस्टिंग : सगळ्याचा मध्य

आता खऱ्या गाभ्याकडे. सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात सकाळी ओपीडीची रांग लागते. एक टेक्निशियन, एक मशिन आणि पोस्टिंगला आलेले पाच-सहा विद्यार्थी. रांग संपवायची असते आणि शिकवायला वेळ लागतो. मग टेक्निशियन स्वतः भराभर एक्स-रे काढतात. विद्यार्थ्यांना नावे पुकारणे, रजिस्टर भरणे, रुग्णाला उठवणे-बसवणे अशी कामे मिळतात. पोस्टिंगचे तास भरतात, लॉगबुकात सह्या होतात, हाताला काही लागत नाही. यात टेक्निशियनला दोष देऊन चालणार नाही. जिथे शिकवणे हा त्यांच्या कामाचा भाग म्हणून कुठे लिहिलेलाच नाही, त्यासाठी वेळ नाही की मोबदला नाही, तिथे जे शिकवतात ते निव्वळ आवडीने शिकवतात.

चांगली पोस्टिंग कशी असते, तेही जवळून पाहू. छातीच्या एक्स-रेसाठी सत्तरीच्या आजी आल्या आहेत. मशिनजवळ दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे आणि तिच्या मागे दोन पावलांवर सीनियर टेक्निशियन उभ्या आहेत. विद्यार्थिनी नाव विचारते, कागदावरचे नाव ताडून पाहते, गळ्यातली पोत आणि ब्लाउजचे हूक काढायला लावते, आडोसा देते, गाऊन देते. "आजी, छाती इथे टेकवा. हनुवटी वर. हात कमरेवर ठेवा, आता कोपरे पुढे घ्या." खांदे पुढे आले की खांद्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. "आता मोठा श्वास आत घ्या... धरा... सोडा." आजींनी श्वास घेतला आणि 'धरा' म्हणेपर्यंत सोडूनही दिला. विद्यार्थिनी बटणाकडे निघाली. मागून आवाज आला : "थांब. आधी एकदा नुसता सराव करून घे." दुसऱ्या वेळी आजींना जमले, मग एक्स्पोजर झाले.

प्रतिमा पडद्यावर आली तेव्हा टेक्निशियनबाईंनी 'छान' म्हणून विषय संपवला नाही. बरगड्या मोजायला लावल्या. मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या पडद्यावर दिसल्या म्हणजे श्वास पुरता घेतलेला. गळपट्टीच्या हाडांची आतली टोके मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, डावी-उजवी बाजू दाखवणारा मार्कर बरोबर जागी आहे का, हे विचारले. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. पण या पाच मिनिटांत स्वतः करणे, चूक होण्याआधी थांबवले जाणे, का थांबवले ते कळणे आणि आपले काम आपणच तपासणे, हे सगळे घडले. असे काही आठवड्याला थोडे जरी घडले, तरी विद्यार्थी घडतो. तीन वर्षांत एकदाही घडले नाही, तर विद्यापीठाचे सुवर्णपदकही ती उणीव भरून काढत नाही.

यासाठी पायऱ्या ठरवून द्याव्या लागतात : आधी पाहणे, मग मदत करणे, मग शेजारी सीनियर असताना स्वतः करणे, आणि त्यात तयार झाल्यावर सीनियर जवळपास असताना करणे. जेआरसीईआरटीचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी त्या तपासणीत तयार ठरलेला असला, तरी बिघडलेली प्रतिमा पुन्हा घ्यायची असेल तेव्हा पात्र रेडिओग्राफर त्याच्या शेजारी हजर असलाच पाहिजे. रुग्णाला दुसऱ्यांदा किरण देण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर एकट्यावर टाकायची नाही, आणि ती वेळ शिकवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. हा नियम आपल्या विभागांत लावायला एक पैसाही लागत नाही.

डिजिटल यंत्रांनी इथे एक नवा धोका आणला आहे. फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झाले की फिल्म काळी यायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. आता संगणक प्रतिमा सावरून घेतो. दुप्पट किरण दिले तरी चित्र सुरेखच दिसते. त्यामुळे 'थोडे जास्तच ठेवू, खराब तरी येणार नाही' ही सवय नकळत लागते आणि रुग्णांचा डोस चढत जातो. याला उतारा यंत्रातच आहे. बऱ्याच डिजिटल यंत्रांवर डेव्हिएशन इंडेक्स दिसतो. तो शून्य असला म्हणजे एक्स्पोजर ठरलेल्या पातळीवर, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मे. ज्या विद्यार्थ्याला प्रत्येक प्रतिमेनंतर हा आकडा वाचायची सवय लावली जाते, त्याला त्याची चूक यंत्रच सांगते. ज्याला लावली जात नाही, तो वर्षानुवर्षे चुकत राहतो आणि त्याला कळतही नाही.

सुरक्षितता आणि 'थांबा' म्हणण्याची हिंमत

अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १९८३ पासून मुंबईतून देशभरातल्या किरणोत्सर्गी कामावर देखरेख करते. किरणांजवळ काम करणाऱ्यासाठी मर्यादा आहे ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट. छातीवरचा, मिळालेले किरण नोंदवणारा टीएलडी बॅज दर तिमाहीला मोजून येतो. नीट शिकवलेल्या विभागात प्रत्यक्ष डोस या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतो. विद्यार्थ्यांच्या घरी मात्र वेगळीच भीती असते, विशेषतः मुलींच्या : "पुढे लग्नाला, मुलांना अडचण येईल." ही भीती मनात धरून बसलेली विद्यार्थिनी मशिनपासून लांब राहते, आणि लांब राहिल्यामुळे शिकत नाही. तिला बॅज, लेड ॲप्रन आणि खरे आकडे पहिल्या दिवशी द्यायला हवेत. गरोदरपण जाहीर केल्यानंतर गर्भासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा आहे आणि त्यानुसार काम बदलून मिळते, हेही सांगायला हवे. जिथे विद्यार्थ्याला बॅजच मिळत नाही, तिथे सुरक्षिततेवरचे व्याख्यान त्याला खरे वाटत नाही.

सुरक्षिततेचा दुसरा भाग धैर्याचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एम.आर.आय.च्या खोलीत गेला, चुंबकाने सिलिंडर खेचला आणि त्या तरुणाचा जीव गेला. मशिन बंद आहे असे त्याला सांगण्यात आल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. १.५ टेस्लाचे एम.आर.आय. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट तीव्र असते आणि स्कॅन चालू नसला तरी ते चालूच असते. हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ज्ञानाबरोबर आणखी एक गोष्ट लागते. दारात उभ्या असलेल्या सगळ्यात लहान माणसाला मोठ्या डॉक्टरांना, वॉर्डबॉयला, घाईत असलेल्या नातेवाइकाला 'थांबा' म्हणता आले पाहिजे.

ज्या विभागात प्रश्न विचारल्यावर विद्यार्थ्याचा चारचौघांत अपमान होतो, तिथे ही हिंमत तयार होत नाही. गप्प राहणे ही तिथली पहिली शिकवण ठरते. म्हणून विभागातले वातावरण हा विद्यार्थ्याच्या भावनांपुरता विषय राहत नाही, तो रुग्णाच्या जिवाचा विषय होतो.

घर, पैसा, अंतर

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडले की विद्यार्थी कॉलेज सोडतो तेव्हा प्रश्न बुद्धीपुरता नसतो. अभ्यासात आणि माणसांत तो किती मिसळला, यावर त्याचे टिकणे ठरते. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये आलेल्या 'रिपेअर' अहवालाने नर्सिंग, मिडवाइफरी आणि रेडिओथेरपीच्या तंत्रज्ञांचे शिक्षण घेणाऱ्यांच्या गळतीचा विचार केला. त्यातही पैशांची ओढाताण आणि पोस्टिंगच्या ठिकाणी मिळणारी वागणूक ही कारणे ठळकपणे पुढे आली.

आपल्याकडे ती आणखी तीव्र आहेत. कोर्स करताना अनेक मुले संध्याकाळी किंवा रात्री खासगी सेंटरमध्ये काम करतात. त्यातून हात तयार होतो हे खरे. पण रात्रपाळी करून सकाळी पोस्टिंगला आलेला मुलगा व्याख्यानात झोपतो, आणि घाईच्या सेंटरमध्ये लागलेल्या चुकीच्या सवयी घेऊन येतो : मार्कर न लावणे, कोलिमेशन उघडे ठेवून गरजेपेक्षा मोठ्या भागावर किरण टाकणे, गर्भधारणेची शक्यता न विचारणे. कॉलेजने या कामाकडे डोळेझाक करण्यापेक्षा तिथे काय पाहिले ते वर्गात बोलायला लावले, तर तोच अनुभव धडा होईल.

खेड्यातून येणाऱ्या मुलींसाठी हॉस्टेल, रात्रीच्या पोस्टिंगनंतरची वाहतूक आणि विभागात कपडे बदलायची जागा या साध्या सोयी कोर्स पुरा होणार की नाही हे ठरवतात. यात समाजाचाही स्वार्थ आहे. मॅमोग्राफीसाठी बायकांना बाईच तंत्रज्ञ हवी असते. ती मिळाली नाही तर तपासणी लांबणीवर पडते आणि स्तनाचा कर्करोग उशिरा कळतो. इंटर्नशिपचा स्टायपेंडही इथेच येतो. पूर्ण वेळ काम करून घ्यायचे आणि हाती काही द्यायचे नाही, अशा वर्षात घरची ओढाताण असलेला विद्यार्थी मिळेल ती नोकरी धरतो आणि शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा अर्धवट राहतो.

परीक्षा जे मागते, विद्यार्थी ते शिकतो

प्रात्यक्षिक परीक्षेत एकच तपासणी, एक परीक्षक आणि दोन-तीन तोंडी प्रश्न असतील, तर निकाल बराचसा नशिबावर जातो. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओएससीई ही पद्धत मांडली. विद्यार्थी ठरलेल्या वेळेत एकेका टेबलावरून पुढे जातो, प्रत्येक टेबलावर वेगळे काम आणि गुण देण्याची आधीच लिहिलेली यादी. रेडिओग्राफीला ही पद्धत उत्तम बसते. एका टेबलावर मनगटाचे पोझिशनिंग, दुसऱ्यावर बिघडलेल्या प्रतिमेतल्या चुका ओळखणे, तिसऱ्यावर कॉन्ट्रास्ट देण्याआधी ॲलर्जी, मूत्रपिंड आणि क्रिएटिनिनची विचारपूस, चौथ्यावर एम.आर.आय.आधीची सुरक्षा-प्रश्नावली. त्यात आणखी एक टेबल असावे असे मला मनापासून वाटते. समोर बसलेल्या, फक्त अहिराणी किंवा वऱ्हाडी समजणाऱ्या रुग्णाला तपासणी समजावून सांगणे. परीक्षेत रुग्णाशी बोलण्याला गुण नसले, तर विद्यार्थी ते शिकायला वेळ देत नाही.

परीक्षेइतकीच तिच्याआधीची नियमित तपासणी महत्त्वाची. रद्द झालेल्या प्रतिमा आठवड्यातून एकदा एकत्र बसून पाहायच्या, कारणे लिहायची, कोणाची चूक हे न विचारता चूक कशी झाली हे विचारायचे. सगळ्या विभागांत हे साहित्य पडून असते. वापरले तर त्यासारखे पाठ्यपुस्तक नाही.

कायदा आणि यंत्रे, दोन्ही बदलताहेत

२०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ त्यात एका स्वतंत्र वर्गात आले. संलग्न व्यावसायिकाच्या पदविका वा पदवीसाठी किमान २,००० तासांचे शिक्षण, राष्ट्रीय व राज्य पातळीवर नोंदवही, समान बहिर्गमन किंवा परवाना परीक्षा घेण्याची तरतूद, अशा गोष्टी त्यात आहेत. २०२५ मध्ये आरोग्य मंत्रालयाने या क्षेत्राचा नवा अभ्यासक्रमही जाहीर केला. दिशा योग्य आहे. मात्र तासांची संख्या कागदावर भरता येते, हे आपण पोस्टिंगच्या लॉगबुकांत पाहतोच. नव्या व्यवस्थेने तासांबरोबर केलेल्या तपासण्या आणि मिळवलेली क्षमता मोजली, तरच विद्यार्थ्याच्या हाती काही पडेल.

यंत्रांच्या बाजूने प्रश्न येतो तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा. क्षयरोगाच्या चाचणीत १५ वर्षांवरील व्यक्तींचे छातीचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. मुंबईत सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचे सॉफ्टवेअर या कामात अनेक देशांत वापरले जाते. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आता गावागावांत जातात. "मग आम्हाला काम राहील का?" असे विद्यार्थी विचारतात. त्यांना निःशंकपणे सांगावे की राहील. श्वास अर्धवट घेतलेल्या, वाकड्या उभ्या राहिलेल्या रुग्णाची प्रतिमा संगणकही चुकीची वाचतो. रुग्णाला नीट उभे करणारे, त्याच्याशी बोलणारे आणि डोस आवरणारे माणूस लागणारच. फक्त बटण दाबायला शिकलेल्याचे भवितव्य मात्र खरोखर अवघड आहे.

काय करायचे?

या आढाव्यातून निघणाऱ्या गोष्टींपैकी काहींना सरकारी निर्णय आणि निधी लागेल : शिकवणाऱ्या टेक्निशियनचे वेगळे पद किंवा निदान भत्ता, विद्यार्थ्यांच्या संख्येला साजेशी यंत्रे आणि रुग्णसंख्या असल्याशिवाय कॉलेजला मान्यता न देणे, इंटर्नशिपला स्टायपेंड, मुलींसाठी हॉस्टेल. प्रत्येक संस्थेने कोर्स पुरा करणाऱ्यांचे, पास होणाऱ्यांचे आणि नोकरी लागलेल्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करणे नव्या आयोगाने सक्तीचे करावे. एवढ्या एका नियमाने प्रवेशाचा बाजार बराच सरळ होईल.

बाकीच्या बहुतेक गोष्टी उद्यापासून करता येतील. रिपीट एक्स-रेच्या वेळी सीनियर शेजारी असणे. आठवड्याला रद्द प्रतिमांची बैठक. प्रत्येक विद्यार्थ्याला बॅज. मराठीतून स्पष्टीकरण. पोस्टिंगच्या रोजच्या दिवसात प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक तपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करणे आणि तिच्यावर दोन मिनिटे बोलणे.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. पोस्टिंगला कोणी आपणहून शिकवेल याची वाट पाहू नका. "मॅडम, पुढचा मी घेऊ का, तुम्ही बघा" हे वाक्य म्हणायला शिका आणि नकार आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणा. पालकांनी कॉलेज पाहायला जाताना इमारत आणि फी विचारावीच. त्याबरोबर हेही विचारावे की माझे मूल रोज कोणाच्या हाताखाली उभे राहणार आहे आणि त्याला स्वतः किती करायला मिळणार आहे. ज्या संस्थेकडे या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे, तिथला विद्यार्थी यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ज्या संस्थेकडे ते नाही, तिने नवे मशिन घेण्याआधी ते तयार करावे.